सागवानी छपरी पलंग : सांधे ढिले, भुंगा, वर चकचकीत थर. सुरुवात कुठून करावी?

शेवंती_पुणे

वेंगुर्ल्याच्या घरातला छपरी पलंग पुण्याला फ्लॅटमध्ये आणायचा आहे. त्याआधी काय करावं आणि काय अजिबात करू नये, हे जाणकारांकडून हवं आहे. बारकाईने पाहून जमेल तितकी नोंद केली आहे.

माप आतून ६ फूट २ इंच बाय ४ फूट ७ इंच. चार कातीव खांब, कळसासकट ७ फूट ६ इंच. उशाकडच्या पाठीवर द्राक्षवेल आणि मधोमध शंख. छपराच्या चौकटीला चहूबाजूंनी कोरीव झालरपट्टी. तळाला वेत होता, तो फाटला आणि कुणीतरी वर प्लायवुड ठोकलं.

दोष असे:
१. खांब धरून हलवला की वरचं टोक तीन इंच झोकांडतं. लांब पट्ट्या खांबांना मोठ्या बोल्टांनी जोडल्या आहेत. दोन बोल्ट नुसते फिरतात, आवळत नाहीत. एका जागी बोल्ट नाहीच, तिथे तीन खिळे.
२. झालरपट्टीवर आणि पाठीच्या मागच्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढी भोकं. खाली बारीक पीठ पडतं.
३. पाठीच्या रुंद फळीला दोन फूट लांब चीर. आधी कधीतरी लांबी (पुट्टी) भरली होती, ती सुटून चीर पुन्हा उघडली.
४. खुरांचे तळ काळे पडलेत. एका खुरात टोचा पाऊण इंच आत जातो.
५. रंग जवळजवळ काळा, नक्षीत तेलकट मळ. पाठीवर चकचकीत थर, त्याचे पापुद्रे नखाने निघतात.

सुतार म्हणतो शिसवी आहे. पॉलिशवाला म्हणतो कास्टिकने धुऊ, पॉलिश पेपर मारू, वर मेलामाइन (चकचकीत रासायनिक पॉलिश) मारू, चार दिवसांत नवा करून देतो. करू द्यावं का?

---

रंधा_पटाशी

पॉलिशवाल्याला आधी नाही म्हणून कळवा, मग पुढचं वाचा. कास्टिकने साग काळपट-करडा पडतो, तंतू सुटतात आणि सांध्यातला सरस (जनावरांच्या कातडी-हाडांचा जुना गोंद) विरघळतो. कोरीव कामावर पॉलिश पेपर फिरला की आधी पानांच्या शिरा जातात, मग कडा गोल होतात. गेलेली कड परत येत नाही, पुन्हा कोरायची तर अजून खोल जावं लागतं. पलंगाला किंमत आहे ती त्या कडांची.

क्रम असा ठेवा: किडा, मग सांधे, मग चिरा आणि खुर, मग मळ, आणि पॉलिश सर्वांत शेवटी. बहुतेक लोक नेमके उलट्या टोकाने सुरू करतात.

साग की शिसवी हे काळ्या रंगावरून ठरवू नका. शंभर वर्षांचा धूर, तेल आणि चपड्याचे (लाखेच्या पॉलिशचे) थर बसले की सागही काळा दिसतो. सांधा उघडल्यावर आतलं कोरं लाकूड पाहा. शिसवीत जांभळ्या-काळ्या रेघा दिसतात, आणि स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस त्या कोऱ्या जागी घासला तर जांभळट डाग उतरतो. सागावर फिकट तपकिरी उतरतो, शिवाय ताज्या कापाला चामड्यासारखा वास येतो. ही चाचणी पॉलिशवर करू नका. चपडाच विरघळून तपकिरी होईल आणि उत्तर चुकेल. वजनही बोलतं. एखादी सुटी, साधी पट्टी काढून सेंटिमीटरमध्ये मोजा आणि तोला. ग्रॅमला घनसेंटिमीटरने भागल्यावर ०.६ ते ०.७ आलं तर साग, ०.८ च्या वर गेलं तर शिसवी. एकाच पलंगात दोन्ही असू शकतात: दिसणारं शिसवी, मागचं साग किंवा त्याहून हलकं काहीतरी. आणि जोधपूरकडून 'शीशम' म्हणून येतं ते उत्तरेतलं शिसू. आपली शिसवी वेगळी.

आता बोल्ट. बोल्ट फिरतो पण आवळत नाही, याची तीन कारणं असतात.

एक, पट्टीच्या आत कोरलेल्या खोबणीत बसवलेला चौकोनी नट बोल्टाबरोबर फिरतोय, कारण त्याच्याभोवतीचं लाकूड झिजलंय. नट शोधायचा असेल तर पट्टीच्या आतल्या किंवा खालच्या अंगाला, टोकापासून दोन-तीन इंचांवर पाहा. वर लाकडाची चकती किंवा मेण बसवलेलं असतं. ते हलकेच काढा आणि सागाची पातळ पाचर मारून नट जखडा.

दोन, लाकूड आकसलं आणि बोल्टाचे आटे संपले. डोक्याखाली एक जाड वायसर घाला. एवढ्यावर निम्मे पलंग घट्ट होतात.

तीन, आटेच झिजलेत. इथे चूक होते ती म्हणजे बाजारातून १० मिमीचा बोल्ट आणून ठोकणं. ब्रिटिश काळातले बोल्ट बहुधा इंची, बीएसडब्ल्यू (जुनं ब्रिटिश प्रमाण) आट्यांचे. ३/८ इंचाला इंचामागे १६ आटे येतात, व्यास साडेनऊ मिमी. १० मिमीचा त्यात जात नाही, आणि जबरदस्ती केली तर नट फुटतो. जुना बोल्ट हार्डवेअरवाल्याकडे घेऊन जा, ३/८ बीएसडब्ल्यू मागा. न मिळाल्यास लेथवाला करून देईल.

तुमचे तीन खिळे कटावणीने उपटू नका. डोकं गंजलेलं असेल तर भोवती बारीक पोकळ बिट फिरवून खिळा लाकडाच्या नळीसकट काढायचा आणि तिथे सागाची खुंटी बसवायची.

खांब आणि लांब पट्टीच्या सांध्याला गोंद कधीच लावायचा नाही. पलंग उघडून दारातून नेता यावा म्हणून तो सांधा कोरडा ठेवलेला असतो. कुसू (पट्टीच्या टोकाची खाचेत बसणारी जीभ) ढिला असेल तर त्याच्या गालावर सागाचा पातळ काप सरसाने चिकटवून जाडी वाढवा. खाच मोठी करायला जाऊ नका.

उघडताना प्रत्येक भागाला चिठ्ठी बांधा. सांध्याच्या आत पटाशीने मारलेल्या एक, दोन, तीन, चार रेघा सापडतील, त्या मूळ सुताराच्या खुणा. त्यांचे फोटो घ्या. बोल्ट एकमेकांत बदलत नाहीत, प्रत्येक आपल्या भोकात घासून बसलेला असतो. आधी कळस काढा. मग छपराची चौकट चार माणसांनी चार कोपऱ्यांना धरून एकदम सरळ वर उचला. ती खांबांच्या डोक्यावरच्या लोखंडी सळ्यांवर बसते आणि एक कोपरा आधी उचलला की दुसऱ्या कोपऱ्यातल्या खांबाचं डोकं फाटतं. मग लांब पट्ट्या. पाठ शेवटी. अडकलेल्या बोल्टाला गंज सोडवणाऱ्या तेलाचा एकच थेंब टाकून एक दिवस थांबा. फवारा मारलात तर तेल लाकडात शिरेल आणि पुढे तिथे ना सरस धरेल ना पॉलिश.

---

कोकणी_खुर्ची

चिरेबद्दल लिहायचं राहिलं. फळी बहुधा दोन्ही कडांनी खिळून टाकलेली असणार. रुंद फळी हवेप्रमाणे रुंदीत हलते, कडा पकडल्या की मधे फाटते. लांबी भरून ती बरी होत नाही. पावसाळ्यात फळी फुगते, लांबी दाबून बाहेर ढकलते आणि उन्हाळ्यात पुन्हा फट. खिळे काढून फळी खाचेत मोकळी करा. मग चीर सरसाने जोडून क्लॅम्प लावा. मिटत नसेल तर जुन्या सागाचा पाचरीसारखा काप, तंतूंची दिशा तीच ठेवून, आत बसवा.

पुण्याला नेण्याची वेळ याच हिशेबाने ठरवा. वेंगुर्ल्यात पावसाळ्यात हवेतला ओलावा ऐंशी-नव्वद टक्के, पुण्यात एप्रिलच्या दुपारी तीसच्या खाली. एवढ्या फरकाने फूटभर रुंद सागाची फळी तीन ते पाच मिमी आकसू शकते. म्हणून पाऊस संपता संपता नको. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, दोन्हीकडच्या हवेत फरक कमी असताना न्या, आणि पुण्यात तीन-चार आठवडे सुट्या भागांत पडू द्या. सरसाचं काम त्यानंतर.

---

शिंपी_आळी

सरस कुठे शोधत बसणार? फेविकॉल मारा, मोकळे व्हा. लोक उगाच घाबरवतात.

---

रंधा_पटाशी

नव्या कपाटाला फेविकॉलच मारा, हरकत नाही. इथे अडचण वेगळी आहे. सांध्यात जुना सरस मुरलेला असतो आणि फेविकॉल त्यावर पकड घेत नाही, त्यामुळे वर्षभरात सुटतो. आणि जिथे धरतो तिथे असा धरतो की पुढच्या दुरुस्तीला सांधा उघडताना लाकूड फाटतं. सरस कोमट पाणी आणि वाफेने उघडतो, नवा सरस जुन्यावरच मिसळतो.

सरसाचे खडे १०० ग्रॅमला दीडशे ते दोनशे मिली थंड पाण्यात रात्रभर भिजवा, भांडं गरम पाण्यात ठेवून ६० अंशांपर्यंत तापवा. उकळलात तर ताकद जाते. लाकूडही थोडं कोमट हवं, थंड लाकडावर सरस लावता लावताच गोठतो. क्लॅम्प रात्रभर.

---

वाळवी_विरोधी

भोकांकडे या. पीठ पडतंय म्हणून किडा जिवंत आहे असं लगेच धरू नका. जुन्या बोगद्यातला भुसा पलंग हलवला तरी गळतो. भोकांखाली काळा कागद पसरा, पलंगाला हात न लावता पंधरा दिवस थांबा. नव्या भोकाची कड धारदार आणि आतलं लाकूड फिकट असतं, जुनं भोक आतूनही मळकट.

पिठाचा पोत चिमटीत पाहा. टाल्कम पावडरसारखं मऊ असेल तर भुंगा. खसखशीएवढे सहा बाजूंचे दाणे असतील तर कोरडी वाळवी, तिला मातीचे बोगदे लागत नाहीत. मातीचे बोगदे दिसले तर जमिनीतली वाळवी, आणि मग दोष पलंगाचा नाही, घराचा आहे.

सागाच्या गाभ्याला भुंगा सहसा लागत नाही. तुमची भोकं झालरपट्टी आणि पाठीची मागची बाजू एवढ्यातच आहेत, यावरून तिथे सालीजवळचं पांढरं लाकूड किंवा हलक्या जातीचं लाकूड वापरलेलं दिसतं. टोचा घेऊन पोकळी कुठवर गेली ते तपासा. खांब टणक असतील तर पलंग वाचलाच.

उपाय. कोऱ्या, पॉलिश नसलेल्या बाजूंना बोरॅक्स ६० ग्रॅम आणि बोरिक ॲसिड ४० ग्रॅम एक लिटर गरम पाण्यात विरघळवून ब्रशने दोन हात, मध्ये एक दिवस. पॉलिशवरून हे आत जात नाही, पांढरे डाग मात्र पडतात. पॉलिशच्या बाजूला भोकाभोकातून इंजेक्शनच्या सुईने परमेथ्रिनचं तयार लाकूड-औषध सोडा. हातमोजे, चष्मा, उघड्या खिडक्या. झोपायची वस्तू आहे, म्हणून रॉकेलमध्ये क्लोरपायरिफॉस कालवून चोपडायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. आणि सल्फासच्या गोळ्या घरात ठेवून पलंग प्लॅस्टिकने गुंडाळणं हा तर जिवाशी खेळ आहे. त्यातून निघणाऱ्या फॉस्फिन वायूने बंद खोलीत माणसं मेली आहेत.

विष नको असेल तर संग्रहालयांची पद्धत आहे. सुटे भाग ॲल्युमिनियमचा थर असलेल्या पिशवीत प्राणवायू शोषणाऱ्या पुड्यांसह सील करायचे. आत प्राणवायू अर्ध्या टक्क्याच्याही खाली राहिला आणि तापमान २५ अंशांच्या वर असलं तर तीन आठवड्यांत अंड्यांसकट सगळं मरतं. साधी पॉलिथिन चालत नाही, तिच्यातून हवा झिरपते. मात्र नंतरचं संरक्षण शून्य. म्हणून पिशवीनंतर मागच्या बाजूला बोरॅक्सचे हात द्यावेत.

काहीही करा, पण उपचाराआधी पलंग पुण्याच्या घरात दुसऱ्या फर्निचरशेजारी ठेवू नका. ढेकणांसाठीही सांधे आणि वेताची भोकं याच वेळी टॉर्चने पाहून घ्या.

---

शेवंती_पुणे

सगळ्यांचे आभार. लांब पट्टी उघडली. आतलं लाकूड सोनेरी-तपकिरी, कापसावर जांभळं काही नाही, एका सुट्या पट्टीचं गणित ०.६४ आलं. म्हणजे साग. हरवलेला नट आतच सापडला, वर मेण होतं. काळ्या कागदावर पंधरा दिवसांत झालरपट्टीखाली दोन ठिकाणी मऊ पीठ पडलं, पाठीखाली काही नाही.

आता मळ, पापुद्रे आणि खुर यांचं सांगा. गादी कशी घ्यावी? छपरामुळे पंख्याचं काय करायचं?

---

चपडा_लाख

पापुद्रे कशाचे ते आधी ठरवा. कोपऱ्यात स्पिरिटचा थेंब: मऊ पडलं तर चपडा. थिनरच्या थेंबाने मऊ पडलं तर लॅकर. दोन्हींनी काही झालं नाही तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन). तुमचं वर्णन तिसऱ्याकडे झुकतं. तेलकट, मेणचट पॉलिशवर मेलामाइन मारलं की ते लाकडाला धरत नाही, जुन्या थरावर नुसतं तरंगतं आणि काही वर्षांनी तडकतं. तुमच्यासाठी ही बरी बातमी, कारण खाली मूळ चपडा शाबूत असण्याची शक्यता आहे. प्लॅस्टिकच्या खरवडणीने किंवा बांबूच्या चपट्या काडीने पापुद्रा उचलत चला. घाई केली तर खालचं सोबत येतं.

मळासाठी आधी कोरडा मऊ ब्रश आणि व्हॅक्यूमच्या तोंडावर मलमल, म्हणजे सुटलेला एखादा द्राक्षाचा मणी आत ओढला जाणार नाही. मग टर्पेंटाइनमध्ये भिजवून पिळलेला कापूस, नक्षीत काडीला गुंडाळून. तेल-मेणाचा मळ याने सुटतो आणि चपड्याला धक्का लागत नाही. उरलेल्या मळाला एक लिटर कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन-तीन थेंब, कापूस घट्ट पिळून, लगेच कोरड्या फडक्याने टिपून. एका वेळी वीतभर जागा. कापूस तपकिरी होत राहिला तर थांबा: तो मळ नसून पॉलिश निघतंय. नारळाचं तेल पुसणं बंद करा. ते कधीच वाळत नाही, धूळ धरतं, तुमचा निम्मा काळेपणा त्याचाच असेल. जवसाचं तेल वाळतं, पण दर दिवाळीला एक हात दिला की काळं, चिकट कातडं तयार होतं आणि ते काढणं मेलामाइनपेक्षा अवघड.

मग नवं पॉलिश शक्यतो नाहीच. जुना चपडा तडकलेला पण जागेवर असेल तर मऊ ब्रशने नुसत्या स्पिरिटचा पातळ हात द्या. थर विरघळून पुन्हा एकसंध बसतो. जिथे लाकूड उघडं आहे तिथेच नवा चपडा: अर्धा लिटर स्पिरिटमध्ये १०० ग्रॅम, चोवीस तास ठेवून मलमलीतून गाळलेला. नंतरच्या हातांना ५० ग्रॅमचा पातळ. सपाट भागाला कापसाची मलमलीत बांधलेली पुरचुंडी, नक्षीला ब्रश. चपडा विरघळवल्याची तारीख बाटलीवर लिहा. सहा महिन्यांवरचा चपडा वाळत नाही, उन्हाळ्यात चादर चिकटते. आणि पावसाळ्यात हे काम नको. दमट हवेत स्पिरिट उडताना थराखाली ओल अडकते, पांढुरकी झाक येते.

शेवटी मेण: १०० ग्रॅम मधमाशीचं मेण, ३०० मिली टर्पेंटाइन, गरम पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून, ज्योत दूर. नक्षीत अगदी पातळ, नाहीतर खाचांत पांढरी गुठळी दिसते. वर्षातून एकदा पुरे.

मोडलेली पानं? तुकडे असतील तर सरसाने लावा. नसतील तर जुन्या सागात कोरून घ्या. एम-सील थापून वर काळा रंग देऊ नका.

---

कोकणी_खुर्ची

खुर कुजले ते मुंग्यांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या वाट्यांमुळे, किंवा ओल्या फडक्याच्या लाद्यांमुळे. खुराचा तळ म्हणजे लाकडाचं आडवं कापलेलं टोक, ते नळीसारखं पाणी ओढतं. तीन आठवडे वाळवा. टोचा दोन-तीन मिमीच जात असेल तर ॲसिटोनमध्ये दहा टक्के पॅरालॉइड बी-७२ (एक ॲक्रिलिक राळ) तीन-चार वेळा पाजून टणक करता येतं. पाऊण इंच जातो तिथे मऊ भाग सपाट कापून तेवढाच सागाचा तुकडा बसवा, मधे १२ मिमीची खुंटी, दोन इंच वर. टोकाला टोक नुसत्या गोंदाने धरत नाही. मग चारही खुर एका पातळीत आहेत का ते लेव्हलने पाहा, नाहीतर सगळे बोल्ट आवळूनही पलंग डुलेल. तळाला मेण चोपडून टेफ्लॉनची चकती लावा. काळं रबर नको, लादीवर डाग उठतो.

गादी ७४ बाय ५५ इंच भरते. ७५ बाय ६० ची तयार गादी बसणार नाही, आणि तिच्यासाठी पट्टी तासून घेऊ नका. गादीवाल्याकडून चार इंची कापसाची करून घ्या. आठ इंची फोम टाकला तर शंख आणि निम्मी द्राक्षवेल गादीमागे जाईल.

प्लायवुड पट्टीला ठोकलेलं आहे, ते काढाच. वेत पुन्हा विणायचा तर मधे एक आडवी दांडी आहे का पाहा. ओला विणलेला वेत वाळताना ताणतो आणि दांडी नसली तर लांब पट्ट्या आत ओढल्या जातात. रोज झोपायचं असेल तर आतून सुट्या सागाच्या आडव्या पट्ट्या ठेवून वर १२ मिमी प्लाय, त्यात दर सहा इंचांवर इंचभर भोकं, म्हणजे गादीखाली बुरशी येत नाही.

पंखा बरोबर मधोमध असेल तर कळस मध्यापासून चार फुटांच्या आसपास येतात आणि ४८ इंची पंख्याचं पातं दोनच फूट पोचतं, तेव्हा अडत नाही. वारा अडतो तो पलंगाच्या छपरावर कापड ताणल्याने. वर नुसती मच्छरदाणीची जाळी ठेवा किंवा भिंतीवरचा पंखा लावा.

---

न्यूजर्सी_कट्टा

असाच शिसवी पलंग इकडे मागवता येईल का?

---

रंधा_पटाशी

शंभर वर्षांवरचा असेल तर १९७२ च्या पुरावशेष कायद्याने खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. वयाबद्दल शंका असेल तर पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या तज्ज्ञांकडून तपासून तो पुरावशेष नसल्याचा दाखला घ्यावा लागतो. शिवाय शिसवी जानेवारी २०१७ पासून साइट्स या धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्याची कागदपत्रं वेगळी. जडावकाम पांढरं असेल तर भिंगातून पाहा: बारीक काळे ठिपके म्हणजे हाड, एकमेकांना छेदणाऱ्या वक्र रेघा म्हणजे हस्तिदंत. हस्तिदंत असेल तर पाठवणंच काय, विकणंही वन्यजीव कायद्यात बसत नाही.

शेवंतीताई, झालरपट्टीचे ते दोन तुकडे आधी पिशवीत घाला, बाकीचं नंतर. आणि पुण्यात उभा केल्यावर सहा आठवड्यांनी सगळे बोल्ट पाव-पाव फेरा आवळा, एकदा मे महिन्यात पुन्हा. पान्हा पूर्ण जोराने ओढू नका, वायसर लाकडात रुतेल.

---

शेवंती_पुणे

पॉलिशवाल्याला नाही कळवलं. पिशव्या आणि ३/८ बीएसडब्ल्यू बोल्ट मागवलेत. डिसेंबरात हलवते आणि पापुद्र्यांखाली काय निघतं ते फोटोसकट इथेच टाकते.